माशांचा टँक धुतला, तो उन्हाळा

आमच्या घरात फिशटँक आणला तो मी. हे आधीच सांगून टाकते, कारण आज आमच्या नात्यात कुणालाही विचारलं तर तो दादानं आणला असंच सांगतील.

आई गेल्यावर अप्पांचं बोलणं थांबलं होतं. कलेक्टर कचेरीत अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेला माणूस. आयुष्यभर दुसऱ्यांच्या अर्जांवर शेरे मारले, आणि घरातही त्यांचं बोलणं शेऱ्यासारखंच असायचं, तोडकं आणि शेवटचं. आई गेल्यावर तेही बंद झालं. सकाळी पेपर यायचा, तो घडी न मोडता मांडीवर ठेवून ते समोरच्या भिंतीकडं बघत बसायचे. मी शाळेत शिकवायला जाताना जशी मान वाकडी असायची, तशीच आल्यावर असायची. त्या भिंतीवर बघण्यासारखं काहीच नव्हतं. साधं कॅलेंडरही नव्हतं.

आमच्या शाळेतले चित्रकलेचे सर गाव सोडून चालले होते. त्यांच्याकडं एक टँक होता आणि त्यात तीन गोल्डफिश. घेणारं कुणी असेल तर बघा, म्हणाले. मी रिक्षा केली, रिकामा टँक पायाशी धरला आणि मासे असलेली झाकणाची बादली मांडीवर घेऊन होटगी रोडवरून घरी आले. प्रत्येक गतिरोधकाला पाणी माझ्या साडीवर सांडत होतं. घरी आल्यावर त्या रिकाम्या भिंतीलाच टेबल लावलं आणि टँक मांडला.

पहिले काही दिवस अप्पांनी काहीच म्हटलं नाही. मग एकदा भाकरी थापता थापता मला बाहेरून त्यांचा आवाज ऐकू आला. मला वाटलं कुणी आलंय. डोकावले तर अप्पा काचेला नाक लावून म्हणत होते, "थांब की जरा. सगळ्यांना मिळणाराय. एवढी घाई काय तुला?"

मला तेव्हा रडू आलं होतं. आनंदानंच. आता ते आठवलं की स्वतःचाच राग येतो.

त्या दिवसापासून वाटणी ठरली. खायला घालायचं, कोण कुणाला ढकलतोय ते बघायचं, आल्यागेल्याला दाखवायचं, हे अप्पांचं. पाणी बदलायचं, काच घासायची, फिल्टरचा स्पंज पिळायचा, हे माझं. सोलापुरात नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं. त्या दिवशी आधी पिण्याचं, मग वापरायचं, आणि मग माशांसाठी एक पिंप वेगळं भरून उघडं ठेवायचं, म्हणजे त्यातला क्लोरीनचा वास उडतो. हे पिंप मी वर्षानुवर्षं भरलं. मासे हाताएवढे झाले. अप्पा बोलायला लागले, चालायला जायला लागले, कट्ट्यावर मित्र मिळाले. माझ्याशी मात्र बोलणं होतं तेवढंच राहिलं. "मीठ कमी झालंय." "गोळी संपलीय." माशांशी जे बोलायचे ते सगळं वेगळं होतं.

दादा हैदराबादला असतो. मोठ्या कंपनीत आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत तो आणि वहिनी येतात, थोडे दिवस राहतात, अक्कलकोटला दर्शनाला जाऊन येतात आणि परत जातात. त्या वर्षी ते आले तेव्हा दादाच्या हातात एक प्लास्टिकची फुगलेली पिशवी होती. स्टेशनवरून रिक्षात बसल्यापासून त्यानं ती दिव्यासारखी धरली होती म्हणे. पिशवीत एक मासा होता. काळाकुट्ट, मखमलीसारखा, डोळे दोन्ही बाजूंना बाहेर आलेले.

"अप्पा, हे तुमच्यासाठी!" दादा म्हणाला.

अप्पा उठून उभे राहिले. त्यांना गुडघ्यामुळं एका झटक्यात उठता येत नाही, पण त्या दिवशी उठले.

पिशवीतलं पाणी गढूळ होतं. मासा तळाशी बसला होता, पंख अंगाला चिकटवून. मी म्हटलं, "दादा, आधी थोडे दिवस वेगळ्या टबात ठेवू या. नवा मासा एकदम टँकमध्ये टाकत नाहीत. काही रोग असला तर सगळ्यांना लागतो."

"अगं, केवढं मोठं दुकान आहे ते! एसी आहे तिथं माशांना."

"असू दे. तरी पण."

"आली बाईंची सूचना," दादा हसत वहिनीकडं वळला. "सुट्टीतसुद्धा वर्ग चालूच."

अप्पा हसले नाहीत. ते म्हणाले, "एवढ्या लांबून त्यानं आणलाय, आणि बादलीत ठेवायचा? काय बोलायलीस तू?"

वहिनीनं मोबाइल धरला. दादानं पिशवीची गाठ सोडली आणि मासा, त्याचं ते गढूळ पाणी, सगळं टँकमध्ये ओतलं. व्हिडिओत माझा हात दिसतो. मी टेबलावरचं सांडलेलं पाणी पुसतेय.

ते दोघं परत गेले आणि त्याच आठवड्यात सर्वांत थोरला मासा, नारिंगी, तळाच्या खड्यांवर अंग घासायला लागला. खाजवल्यासारखं करून एकदम उसळी मारायचा. अप्पांना गंमत वाटली. "नाचायलाय बघ." मी बॅटरी आणून काचेला लावली. शेपटीवर पांढरे ठिपके होते, रव्याचे दाणे चिकटल्यासारखे. काळ्या माशावर तर जास्तच होते. मखमलीवर ते आधीच दिसायला हवे होते, पण कुणी बघितलं नव्हतं. सगळे त्याचे डोळेच बघत होते.

मी विज्ञान शिकवते. त्यामुळं मला कळलं असं नाही, त्या दिवशी दुपारभर बसून वाचलं म्हणून कळलं. हा रोग एका बारीक जीवामुळं होतो. तो माशाच्या कातडीत शिरतो, तिथं वाढतो, मग गळून तळाला पडतो आणि गाठीसारखा होतो. तिथं त्याची शेकडो पिल्लं होतात आणि ती नवा मासा शोधत पाण्यात फिरायला लागतात. औषध लागू पडतं ते या फिरणाऱ्या पिल्लांना. अंगावरचा ठिपका आणि तळातली गाठ, दोन्ही औषधाला दाद देत नाहीत. म्हणून ठिपके दिसेनासे झाले तरी उपचार थांबवायचे नसतात.

मी खडेमीठ आणलं. आयोडीनचं नाही, साधं, जाडं. मगात विरघळवून थोडं थोडं घालायचं, एकदम नाही. माशांच्या दुकानातून निळसर हिरव्या औषधाची बाटली आणली. फिल्टरमधला कोळसा काढला, कारण तो औषध शोषून घेतो. रोज थोडं पाणी खालून, खड्यांमधून नळीनं ओढून काढायचं आणि तेवढंच मिठाचं नवं पाणी भरायचं. मे महिना होता. पाणी गरम व्हायचं आणि गरम पाण्यात हवा कमी राहते, त्यात मीठ आणि औषध. म्हणून दुसरा हवेचा पंप आणला आणि दोन्ही दिवसरात्र चालू ठेवले.

अप्पांना यातलं काहीच आवडलं नाही. पाण्याचा रंग आवडला नाही. "मासे दिसत नाहीत." मीठ आवडलं नाही. "हे काय समुद्रातले आहेत?" आणि पंपाची घरघर तर मुळीच आवडली नाही. दुपारी झोप लागत नाही म्हणायचे.

"थोडेच दिवस अप्पा."

"तू आणि तुझे थोडे दिवस."

पण मासे सुधारत होते. नारिंगी मासा पुन्हा वर येऊन तोंड उघडायला लागला. एका सकाळी बघितलं तर कुणाच्याच अंगावर ठिपका नव्हता. अप्पांनी स्वतः चष्मा लावून खात्री केली. "झालं बरं. आता बंद कर ते सगळं."

"अजून नाही. आता तर खरी वेळ आहे. तळातून पिल्लं आता बाहेर पडणार."

"डोळ्यांना दिसतंय बरं झालंय, आणि ही म्हणते नाही!" हे ते माझ्याशी बोलत नव्हते. माशांशी बोलत होते.

त्या दिवशी मला निकालाच्या कामाला शाळेत जायचं होतं. जाताना मी दोन्ही पंपांकडं बोट दाखवून सांगितलं, "हे बंद करू नका. काहीही झालं तरी." त्यांनी पेपर उलटला.

परत आले तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं. दार उघडलं आणि मला आधी कळलंच नाही की काय वेगळं आहे. घरात शांत होतं, एवढंच. मग बघितलं. तीन मासे पाण्याच्या वरच्या थराला आडवे झाले होते. दोघांचे कल्ले हलत नव्हते. नारिंगीचा हलत होता, अगदी सावकाश. काळा तेवढा कोपऱ्यात तोंड वर काढून उभा होता. अप्पा कॉटवर झोपले होते. डोक्यावर पंखा फिरत होता.

मी पंपाच्या बटणाकडं बघितलं. दोन्ही बटणं वर केलेली होती.

बटणं दाबली. नारिंगी माशाला तळहातावर घेऊन बुडबुड्यांच्या धारेत धरलं. माझ्या ओंजळीत तो जड लागत होता. अप्पा जागे झाले.

"काय झालं?"

"पंप बंद होते अप्पा."

"लाइट गेली असेल."

मी पंख्याकडं बघितलं नाही. बटणांबद्दलही काही बोलले नाही. माझ्या हातात मासा होता आणि मला वाटत होतं की आत्ता भांडले तर तो जाईल. तो तसाही गेला. अंधार पडायच्या आत गेला.

अप्पा उठून आले, टँकपुढं खुर्चीत बसले आणि रडले. आई गेली तेव्हा ते रडले नव्हते. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला, तर म्हणाले, "एवढं मीठ घातलंस. सांगत होतो मी. खारवून मारलंस सगळ्यांना."

मला वाटलं दुःखात बोललेत. सकाळी बोलणार नाहीत.

सकाळी ते फोनवर आत्याशी बोलत होते. आत्या बार्शीला असते, रोज फोन होतो. "अगं, मीठ घातलं हिनं. व्हय, मीठ. किलोनं. आणि ती औषधं. सांगून ऐकलं असतं तर..." मग दादाला. मग कट्ट्यावरच्या मित्रांना. प्रत्येक वेळी मीठ थोडं थोडं वाढत गेलं. पंपाचा विषय कुठंच आला नाही. थोड्या दिवसांनी मला असं वाटायला लागलं की ते खोटं बोलत नाहीयेत. त्यांना खरंच तसंच आठवतंय.

काळा मासा मात्र जिवंत होता. अप्पांनी त्याला माझ्या हातचं काही लावू दिलं नाही. "ह्याला हात लावायचा नाही. दादाचा मासा कसा टिकला बघ. जातिवंत आहे."

ज्यानं रोग आणला तो टिकला, हे मी तोंडापर्यंत आणलं आणि गिळलं. मुक्या जिवाचा त्यात काय दोष होता? तो आठवडाभर मोठ्या टँकमध्ये एकटा फिरला. मग त्याच्या अंगावर पुन्हा ठिपके आले, भरभरून, जसं मी सांगितलं होतं तसंच. मी अप्पांना विचारलं, "घालू का औषध?" त्यांनी तोंड फिरवलं. मी घातलं, पण फार उशीर झाला होता. त्याच्या शेपटीची झालर सडून गळायला लागली होती. तोही गेला. तेव्हा अप्पा म्हणाले, "घातलंस ना औषध?"

असंच वाक्य मी आधीही ऐकलं होतं. आई दोन वर्षं अंथरुणाला होती. मी रजा काढल्या, बिनपगारी काढल्या, तिला कुशीवर वळवलं, पाठीला जखम होऊ दिली नाही. डॉक्टर म्हणाले होते की एवढ्या दिवसांत पाठ इतकी स्वच्छ त्यांनी फार कमी बघितली. शेवटच्या दिवसांत दादा आला, तिचा हात हातात घेऊन बसला आणि ती गेली. नंतर भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला अप्पा सांगायचे, "पोरगा आला, त्याला बघितलं आणि शांत झाली." आणि एकदा, मी आतल्या खोलीत आहे हे विसरून, "औषधंच जास्त झाली शेवटी. ही घालत गेली, घालत गेली." तेव्हाही मला वाटलं होतं की दुःखात बोललेत.

रिकामा टँक तसाच राहिला. हिरवट पाणी, वर तवंग. दादाचा फोन आला, "मी नवीन मासे पाठवतो. अप्पांचं मन रमेल. सोलापुरातल्याच दुकानातून घरपोच येतील, मी ऑनलाइन बघतो."

"पाठव. पण आत्ता नको," मी म्हटलं. "आधी टँक निर्जंतुक करायला लागेल."

"धुऊन टाक ना मग."

धुऊन टाक. तो असं म्हणाला जसं कुणी कप विसळायला सांगतं.

मी सगळं पाणी उपसलं. झाडं फेकली. फिल्टरचा स्पंज फेकला. खडे मोठ्या पातेल्यात उकळले, ते पातेलं पुन्हा स्वयंपाकाला वापरलं नाही. जाळी, नळी, पंपाच्या नळ्या सगळं पोटॅशियम परमँगनेटच्या जांभळ्या पाण्यात बुडवून ठेवलं. टँक गॅलरीत ओढत नेला. साबण लावायचा नसतो, त्याचा अंश काचेच्या सांध्यांत राहतो आणि मासे मरतात. म्हणून ब्लीचिंग पावडर पाण्यात कालवली, टँक काठोकाठ भरला आणि ठेवून दिला. नाकाला पदर बांधला होता तरी डोळ्यांतून धारा लागल्या. शेजारच्या घरातून कुणीतरी खिडकी आपटून लावली.

ते पाणी काढल्यावर खरं काम सुरू होतं. ब्लीचिंगचा थेंबही राहता कामा नये. धुवायचं, उपसायचं, पुन्हा धुवायचं. आणि पाणी यायला अजून दिवस होते. पिंप संपलं, मग वापरायच्या पाण्यातलं घेतलं. अप्पा दारात येऊन उभे राहिले.

"माणसांना आंघोळीला पाणी नाही आणि मेलेल्या माशांच्या पेटीला पाणी घालतीस?"

"नवीन मासे यायचेत अप्पा. दादा पाठवतोय."

"मग तो बघेल ना."

मला हसू आलं. मी मान खाली घालून घासत राहिले. वरच्या मजल्यावर तेलुगू कुटुंब राहतं, त्यांच्या घरी टॉवेलचे माग आहेत. त्या बाईंना आम्ही अक्का म्हणतो. त्या वरून वाकून बघत होत्या. थोड्या वेळानं दोन्ही हातांत एकेक बादली घेऊन जिना उतरल्या.

"घे. आमची टाकी भरलेली हाय."

"नको अक्का, तुम्हाला पण लागेल की."

"घे म्हणते न." त्यांनी बादल्या टेकवल्या आणि टँककडं बघितलं. "मासे मेले म्हणून अप्पा सांगत होते. मीठ जास्त झालं म्हणे?"

मी वर बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर काही वाईट नव्हतं. त्यांनी जे ऐकलं ते विचारलं होतं.

"हो," मी म्हटलं. "जास्त झालं."

का म्हटलं ते मला अजून माहीत नाही. कदाचित दमले होते. कदाचित खरं सांगायचं तर सुरुवात पिशवीपासून करायला लागली असती, आणि त्या बाईंनी दोन बादल्या पाणी आणलं होतं, गोष्ट ऐकायला आल्या नव्हत्या.

टँक गॅलरीतच उन्हात वाळत ठेवला. सोलापूरचं ऊन तसं कुणाच्या उपयोगाचं नसतं, त्या वर्षी माझ्या उपयोगाला आलं. काच इतकी तापायची की हात लावता यायचा नाही. पुरेसे दिवस गेल्यावर तो आत आणला, नवा स्पंज, उकळलेले खडे, नवं पाणी, पाण्यात क्लोरीन काढायचे थेंब. रिकाम्या टँकचाच फिल्टर चालू ठेवला. अप्पा त्याच्यासमोर बसायचे, रिकाम्या पाण्याकडं बघत. मला त्यांची दया यायची आणि दया येते याचा संताप यायचा.

शाळा सुरू झाली आणि दादाचे मासे आले. चार लहान, दोन नारिंगी, दोन पांढऱ्यावर तांबडे. दुकानाच्या माणसानं पिशव्या दारात दिल्या. या वेळी मी कुणाला विचारलं नाही. मागच्या बाजूला धुण्याचा मोठा टब होता, तो स्वच्छ करून त्यात पाणी भरलं, एक पंप लावला आणि मासे त्यात सोडले.

"हे काय?" अप्पा.

"महिनाभर इथं राहतील. काही नाही निघालं तर टँकमध्ये."

"तुरुंगात घातलंस त्यांना."

"महिनाभर अप्पा. एवढंच ऐका माझं."

ते काठी टेकत रोज मागं जायचे, टबावर वाकून बघायचे. वरून फक्त पाठी दिसायच्या. "कुठं काय, वरनं काय दिसतंय," असं म्हणत परत यायचे. मी घट्ट राहिले. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांचं काहीतरी ऐकलं नाही आणि आकाश कोसळलं नाही, याचं मला अप्रूप वाटत होतं.

मग आमच्या संस्थेचं प्रशिक्षण निघालं, बार्शीच्या शाखेत. एक मुक्काम होता. मी आत्याकडंच राहिले. संध्याकाळी आत्यानं मोबाइल माझ्यापुढं धरला. घरच्या ग्रुपवर व्हिडिओ आला होता. अक्कांच्या मुलीनं काढलेला असणार, कारण मागून तेलुगूत कुणीतरी बोलत होतं. अप्पा लाल मगानं एकेक मासा टँकमध्ये सोडत होते. चेहरा असा उजळला होता की मी तसा तो कधी बघितला नव्हता. खाली दादानं लिहिलं होतं, "अप्पांचा हात लागला की सगळं जगतं." वहिनीनं टाळ्या टाकल्या होत्या. आत्या म्हणाली, "बघ गं, किती खूश आहे माझा भाऊ."

"हो," मी म्हटलं. "दिसतंय."

दुसऱ्या दिवशी एसटीत बसल्यापासून मी हिशेब करत होते. रोग असेल तर कधी दिसेल, औषध शिल्लक आहे का, मीठ आहे का. घरी आले, चपला काढल्या आणि सरळ टँकपुढं जाऊन उभी राहिले. मासे मजेत होते. अप्पा म्हणाले, "बघ. झालं का काही?"

"अजून दिवस गेले नाहीत अप्पा."

दिवस गेले. रोज सकाळी उठून मी बॅटरी लावून बघत होते. काही नव्हतं. आणि मग एका सकाळी बॅटरी हातात असताना मला कळलं की मी ठिपका नाही ना हे बघत नाहीये. मी ठिपका शोधतेय. एखादा तरी दाणा मिळावा, शेपटीच्या टोकाला का होईना, म्हणजे अप्पांना बोट धरून आणून दाखवता येईल, असं माझ्या मनात होतं. चार मुक्या जिवांनी मरावं, म्हणजे माझं खरं ठरेल. मी बॅटरी विझवली आणि स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले.

मासे मेले नाहीत. टँक मी धुतला होता. कदाचित म्हणून जगले, कदाचित ते आले तेच निरोगी होते. ते कुणालाच कधी कळणार नाही. अप्पांना मात्र पक्कं कळलं होतं. आल्यागेल्याला ते आता नवी गोष्ट सांगायचे. पहिले मासे मिठानं गेले, मग पोरानं हे पाठवले, मुलगी बिचारी टबात ठेवून बसली होती, मी म्हटलं काही होत नाही आणि सोडले. बघा, केवढे झाले. ते मला "बिचारी" म्हणायचे. त्यात राग नव्हता. तेच मला सहन झालं नाही.

आमच्या मुख्याध्यापिका बाईंनी त्याच सुमाराला शिक्षकांच्या खोलीत विचारलं होतं की बार्शीच्या शाखेत विज्ञानाला कुणी नाही, जाणार का कुणी. असं त्या आधीही विचारायच्या आणि माझ्याकडं बघायच्याही नाहीत, कारण माझ्या घरी वडील आहेत हे सगळ्यांना माहीत होतं. या वेळी मी म्हटलं, "मी जाते."

त्यांनी चष्मा काढला. "अहो, पण वडील?"

"आहेत ते."

घरी सांगितलं तेव्हा अप्पा जेवत होते. भाकरीचा तुकडा शेंगाच्या चटणीत बुडवलेला तसाच हातात राहिला.

"मग माझं काय?"

"स्वयंपाकाला बाई लावली आहे. सकाळ-संध्याकाळ येईल. अक्का वरती आहेतच. मी शनिवारी येत जाईन."

"आणि दादाला काय वाटेल?"

तो तुकडा त्यांनी तोंडात घातला, चावून गिळला आणि म्हणाले, "आईनं असं केलं नसतं." मी ताट उचललं.

दादानं फोनवर आवाज चढवला. या वयात अप्पांना एकटं सोडतेस, लोक काय म्हणतील. मी म्हटलं, तू ये, नाहीतर त्यांना घेऊन जा. तो म्हणाला, हैदराबादला त्यांना करमणार नाही, त्यांचे मासे आहेत इथं. त्यावर मी फोन ठेवला. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या आधी मी ठेवला.

बार्शीत खोली मिळाली. शाळेपासून जवळ, एक खिडकी, एक गॅसची शेगडी. पहिल्या संध्याकाळी मी भाकरी केली नाही. पोहे केले आणि पातेल्यातूनच खाल्ले. सुख वाटलं असं म्हणणार नाही. कुणी आत येईल आणि काही मागेल म्हणून कान दाराकडंच होते, आणि कुणी आलं नाही.

ठरल्याप्रमाणे शनिवारी घरी जात राहिले. घर स्वच्छ असायचं, अप्पा नीट असायचे. टँकला मी हात लावत नव्हते. पाणी थोडं पिवळट होत चाललं होतं, काचेवर हिरवं चढायला लागलं होतं. अप्पा माझ्याकडं बघायचे, मी पेपर वाचायचे. त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. असे आम्ही दोघं टँकच्या दोन बाजूंना बसायचो.

मग एका दुपारी, मधल्या सुट्टीत, दादाचा फोन आला. आवाज नेहमीसारखा नव्हता, जरा चाचरत होता.

"अगं, अप्पांनी फोन केला होता. माशांचं पाणी किती काढायचं आणि किती घालायचं, ते विचारत होते. मला काय माहीत ते?"

"मग त्यांनी मला का नाही विचारलं?"

"ते मी कसं सांगू?" तो म्हणाला. "सांग ना. त्यांना कळवतो."

खिडकीबाहेर पोरं डबे धूत होती, नळाखाली ढकलाढकली चालली होती. मी त्याला सांगितलं. तिसरा हिस्सा काढायचा, जास्त नाही. पिंपातलं, रात्रभर उघडं ठेवलेलं. सावकाश घालायचं.

"थांब, थांब," दादा म्हणाला. "हळू सांग, लिहून घेतो."

मी पुन्हा सांगितलं, हळू.